मोहरीएवढा चंद्र

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात बहिर्वक्र, म्हणजे मध्ये जाड, भिंगाचे फार लाड होतात. वस्तू अनंत अंतरावर, टू-एफच्या पलीकडे, टू-एफवर, एफ आणि टू-एफच्या मध्ये, बरोबर एफवर, एफच्या आत. (एफ म्हणजे नाभी, लांबून आलेले किरण भिंगातून जाऊन जिथे मिळतात ती जागा; टू-एफ त्याच्या दुप्पट अंतरावर.) अशा सहा जागा, सहा आकृत्या, आणि दर ठिकाणी प्रतिमेची तऱ्हा वेगळी. कुठे उलट आणि लहान, कुठे उलट आणि मोठी, कुठे थेट अनंतात पळालेली, तर कुठे अचानक सुलट होऊन भिंगाच्या अलीकडेच बसलेली. अंतर्वक्र, म्हणजे मध्ये पातळ, भिंगाच्या वाट्याला दोन ओळी. वस्तू कुठेही ठेवा, प्रतिमा आभासी, सुलट आणि लहान. संपलं.

माझी भाची यंदा दहावीला आहे. रविवारी सकाळी पुस्तकं घेऊन आमच्याकडे येते, कारण तिच्या घरी म्हणे अभ्यास होत नाही (आमच्याकडे पोहे होतात). तक्त्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, "मामा, हे अंतर्वक्रचं बरंय. दोन ओळी पाठ केल्या की मार्क खिशात." मी नुसता चष्मा वर सरकवला. मायनस चारचा. पाचवीत लागला तेव्हा एकचा होता, कॉलेज सुटेपर्यंत चारवर येऊन स्थिरावला. मधल्या काळात 'ढापण्या' आणि 'डबल बॅटरी' ही दोन्ही पदं भूषवून झाली. तिच्या त्या दोन ओळींतच मी इतकी वर्षं राहतोय, आणि तिथे जागा भरपूर आहे असं माझं म्हणणं आहे.

नंबर म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागते. दुकानात ज्याला नंबर म्हणतात तो डायॉप्टर, म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर मीटरमध्ये घेऊन एकाला त्यानं भागायचं. चार नंबर म्हणजे पाव मीटर, २५ सेंटिमीटर. मायनस म्हणजे प्रकाश गोळा न करता फाकवणारं भिंग. माझा नेत्रगोल पुढून मागे जरा जास्त लांब आहे, त्यामुळे लांबून येणारे किरण दृष्टिपटलावर पोचायच्या आतच एकत्र येतात आणि पटलावर पडेपर्यंत पुन्हा विस्कटतात. चष्मा काढला की माझं स्वच्छ जग चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर संपतं. त्यापुढे टिळक रोड असो की कन्याकुमारी, सारखाच चिखल.

चष्म्यानं दृष्टी 'साफ' होते, असं सगळे म्हणतात. माझ्या डोळ्याला मात्र चष्मा काहीच करत नाही, डोळा आहे तसाच लांबुळका राहतो. चष्मा जगाला हलवतो. डोळ्याला २५ सेंटिमीटरच्या पलीकडचं दिसत नाही ना, मग पलीकडचं सगळं उचलून २५ सेंटिमीटरच्या आत आणून ठेवतो. भिंगाचं सूत्र घेऊन भाचीला हिशेब करायला लावला. एक मीटरवरचा माणूस माझ्या चष्म्यातून कुठे उभा आहे? काचेपासून २० सेंटिमीटरवर. दहा मीटरवरची रिक्षा? साधारण २४.४ सेंटिमीटरवर. आणि अनंतावरचं जे काही असेल ते बरोबर २५वर. तिनं पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे रिक्षापासून ताऱ्यांपर्यंत सगळं सहा मिलिमीटरमध्ये?"

सगळं सहा मिलिमीटरमध्ये. पर्वतीवरून सिंहगड सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर असेल. पावसानंतर हवा धुतली की त्याच्यावरचा टॉवरसुद्धा दिसतो. माझ्या बाबतीत तो गड, टॉवर आणि वरच्या ढगांसकट, चष्म्यापासून पाव मीटरवर, जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचा, हवेत उभा असतो. त्याच पातळीवर, त्याच्या शेजारी चंद्र असतो. चंद्राचा व्यास तिथे सव्वादोन मिलिमीटर भरतो. मोहरीएवढा.

मग तो मोहरीएवढा का दिसत नाही? भाचीनं हे विचारलंच. कारण डोळ्याला सेंटिमीटर कळत नाहीत, कोन कळतो. सतरा किलोमीटरवरचा खरा सिंहगड डोळ्याशी जेवढा कोन करतो, जवळपास तेवढाच कोन पाव मीटरवरचा एक सेंटिमीटरचा सिंहगड करतो. आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात घटलं की डोळ्याला फरक कळायचं कारण उरत नाही. जवळपास म्हटलं, कारण काच डोळ्याला चिकटलेली नसते, बोटभर पुढे असते. त्यामुळे जग एखाद्या गुंजेनं लहान होतंच. नवा, वाढीव नंबरचा चष्मा घालून दुकानाबाहेर पाऊल टाकलं की फूटपाथ खाली गेल्यासारखा वाटतो, पायरी अंदाजापेक्षा आधी लागते, ते यामुळे. दोन दिवसांत मेंदू हिशेब बदलतो आणि आपण ते विसरून जातो.

हे सगळं काच कसं करते, याचं उत्तर पुस्तकात 'अपवर्तन' या एका शब्दात आहे. पुढे तिरक्या रेषा. त्या बरोबर आहेत, पण त्यातून मला कधी काही उमगलं नाही. उमगलं ते उशीर मोजल्यावर. प्रकाश हवेत सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. काचेत किंवा चष्म्याच्या साध्या प्लॅस्टिकमध्ये, ज्याचा अपवर्तनांक दीड आहे, तो दोन लाखांवर येतो. माझ्या चष्म्याची काच मध्ये दोन मिलिमीटर जाड असेल, तर मधल्यापासून अडीच सेंटिमीटर दूर, कडेला, साडेचार मिलिमीटर असते. फरक अडीच मिलिमीटरचा. दूरच्या दिव्याकडून प्रकाश येतो तेव्हा त्याची आघाडी सपाट असते, सगळा प्रकाश एका रांगेत. काचेतून बाहेर पडताना कडेच्या प्रकाशाला अडीच मिलिमीटर जास्तीचं प्लॅस्टिक ओलांडावं लागलेलं असतं, तेवढ्यात मधला सव्वा मिलिमीटर पुढे गेलेला असतो. सपाट आघाडीला मध्ये फुगवटा येतो. आणि तो फुगवटा कसला, तर बरोबर २५ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा. पाव मीटरवर ठेवलेल्या दिव्यापासून निघालेला प्रकाश डोळ्यापाशी पोचला असता, तर त्याची आघाडी हुबेहूब अशीच वाकलेली असती. डोळ्याच्या दारात प्रकाश येतो तेव्हा तो कुठून आला याची चिठ्ठी घेऊन येत नाही, फक्त ही वक्रता घेऊन येतो. डोळा तिच्यावर विश्वास ठेवतो. दुसरं काही त्याच्या हातात नाही.

बहिर्वक्र भिंगात नेमकं उलट. तिथे पोट जाड, म्हणून मधला प्रकाश रेंगाळतो आणि कडेचा पुढे निघतो. आघाडी पुढच्या बाजूनं खोलगट होते आणि चालता चालता एका ठिकाणी मिटते. ती जागा म्हणजे प्रतिमा. नाभी, नाभीय अंतर, सगळं या मागेपुढे होण्यातून येतं. मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या उशिरावर सगळा चष्म्याचा धंदा उभा आहे, हे मला अजूनही पटकन पचत नाही.

भाचीला बोलणं फार झालं होतं, म्हणून अप्पा बळवंत चौकातून आणलेलं वाचायचं भिंग काढलं. दुपारची वेळ, समोरच्या इमारतीवर लख्ख ऊन. आमच्या हॉलचे पडदे ओढले, एक फट ठेवली आणि खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरलं. पुढेमागे केल्यावर एका जागी भिंतीवर समोरची गॅलरी उतरली. उलटी. दोरीवरचे कपडे वरच्या दिशेनं लोंबत होते, आणि वारा आला की हलत होते. समोरच्या काकू बाहेर येऊन डोक्यावर चालत टॉवेल काढून गेल्या. रंग इतके गडद की भाचीनं भिंतीला हात लावून पाहिला. माझ्या मते या विषयाचा पहिला तास असाच घ्यावा, किरणाकृती नंतर.

मग तिला विचारलं, भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकला तर काय होईल? "अर्धी गॅलरी जाईल." पुठ्ठा धरला. गॅलरी पूर्ण राहिली, फक्त मंद झाली. पुस्तकातल्या आकृतीत एका टोकापासून दोनच किरण काढतात, त्यामुळे वाटतं की वरच्या भागातून वरचं येतं आणि खालच्यातून खालचं. खरं म्हणजे गॅलरीच्या प्रत्येक ठिपक्याकडून निघालेला प्रकाश भिंगभर पसरून येतो. भिंगाच्या प्रत्येक तुकड्याकडे अख्खी गॅलरी असते. मोतीबिंदू सुरू झाल्यावर कितीतरी दिवस माणसाला सगळं दिसतच राहतं, फक्त धुरकट, त्याचंही मूळ इथेच आहे.

त्याच फटीच्या उजेडात मग माझा चष्मा भिंतीजवळ धरला. भिंतीवर काहीच उमटलं नाही. काचेची करडी सावली पडली आणि तिच्या कडेनं एक उजळ कड आली. मधला प्रकाश फाकून कडेला जमा झालेला. उन्हात कुणाचाही मायनसचा चष्मा जमिनीवर धरून पाहा, जाड काचेला ती उजळ कड ठळक दिसते. प्लसच्या चष्म्याची सावली याच्या उलट, मध्ये उजळते. "बघ मामा," भाची म्हणाली, "पडद्यावर येत नाही. म्हणजे तुझा सिंहगड तिथे नाहीच." नाहीच. पाव मीटरवर कागद धरला तर त्यावर काही येणार नाही. पण माझ्या डोळ्यात स्वतःचं एक बहिर्वक्र भिंग आहे, पुढे त्याहून जोरकस पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, आहे, आणि ती दोघं मिळून त्या नसलेल्या सिंहगडाची खरीखुरी, उलटी, पडद्यावर पडणारी प्रतिमा माझ्या दृष्टिपटलावर उतरवतात. पहिल्या भिंगाची प्रतिमा ही दुसऱ्या भिंगाची वस्तू. केपलर या खगोलशास्त्रज्ञानं १६०४ साली डोळ्यातल्या प्रतिमेचा हा हिशेब मांडला, ती उलटी पडते हेही सांगितलं, आणि ती सुलट कशी समजते ही भानगड दृष्टिशास्त्राच्या हद्दीबाहेर सोडून दिली.

माझ्या चष्म्याची दुकानं बदलली, पण एक काका लक्षात राहिलेत. लक्ष्मी रोडवरचं अरुंद दुकान, काउंटरमागे लाकडी पेटीत ट्रायलच्या काचा ओळीनं लावलेल्या. नंबर मोजायचं यंत्र होतं, पण ते त्यांचा मुलगा वापरायचा. काका गिऱ्हाईकाचा जुना चष्मा घेत, हात लांब करून रस्त्यापलीकडच्या साड्यांच्या दुकानाची पाटी त्यातून बघत आणि चष्मा हळूच डावीउजवीकडे हलवत. पाटी चष्म्याबरोबर त्याच दिशेनं सरकली तर मायनस, उलट पळाली तर प्लस. मग पेटीतून विरुद्ध चिन्हाची काच काढून चष्म्याच्या काचेला पाठीशी लावत आणि पुन्हा हलवत. पाटी अजून सरकतेय? त्याच्या वरची काच. पाटी जागची हलेनाशी झाली की हातातल्या काचेवरचा आकडा वाचायचा आणि चिन्ह उलटं करून वहीत लिहायचं. "पाटी गप्प बसली की नंबर सापडला," असं ते म्हणत. मायनस चार आणि प्लस चार एकमेकांना चिकटवले की उरते नुसती साधी काच, हे मी पुस्तकात शिकायच्या आधी त्या काउंटरवर पाहिलं. चष्मा आडवा फिरवताना पाटीची अक्षरं कातरीसारखी तिरपी झाली, की "सिलिंडर आहे हो" (म्हणजे काचेचा जोर एका दिशेला वेगळा) म्हणून पेटीतली दुसरी ओळ उघडायची.

बहिर्वक्र भिंगाचे लाड ऐतिहासिकही आहेत. वाचायचे प्लसचे चष्मे इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस आले. लांबचं न दिसणाऱ्यांना अंतर्वक्र काचांसाठी पंधरावं शतक उजाडावं लागलं. पण त्यानंतर हे भिंग गप्प बसलं नाही. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईनस्टाईन यांचे पुतळे आहेत. त्यातल्या गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्वक्र होतं. पुढच्या बहिर्वक्र भिंगानं गोळा होत आलेले किरण मिटायच्या आतच ते अडवायचं, त्यामुळे चित्र सुलट राहायचं. १६१० सालच्या जानेवारीत गुरूचे चंद्र माणसाला पहिल्यांदा दिसले ते या उपेक्षित काचेतून. केपलरनं पुढच्याच वर्षी दोन्ही भिंगं बहिर्वक्र ठेवायची रचना सुचवली. तिनं दृश्याचा आवाका वाढला, पण चित्र उलटं झालं. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून पुणेकरांना आकाश दाखवत आली आहे. अशा कार्यक्रमांत दुर्बिणीला डोळा लावलेलं एखादं पोर "चंद्र उलटा आहे" असं ओरडतं, ती तक्रार या बदलापासूनची आहे.

आणि न्यूटन. भिंग प्रत्येक रंगाला थोडं वेगळं वाकवतं, म्हणून ताऱ्याभोवती रंगीत झालर येते, आणि ही खोड सुटणारी नाही असं ठरवून त्यानं १६६८ मध्ये भिंग टाकून आरशाची दुर्बीण केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली, तिच्यातली वीस इंची दुर्बीणही आरशाचीच. पुढे ती कोडाईकनालला गेली. भिंगाची ती खोड मात्र पुढे सुटली. बहिर्वक्र भिंगाला वेगळ्या काचेचं अंतर्वक्र भिंग जोडलं तर एकानं फाकवलेले रंग दुसरं आवरून घेतं. जॉन डॉलंडनं १७५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून चांगल्या दुर्बिणीत, कॅमेऱ्यात, सूक्ष्मदर्शकात हे अंतर्वक्र भिंग आत कुठेतरी चिकटून बसलेलं असतं. तुमच्या दाराच्या पीपहोलमध्येसुद्धा बाहेरच्या बाजूला तेच आहे. अख्खा जिना, लिफ्ट आणि पार्सलवाला एवढ्याशा गोलात मावतात, ते त्याच्यामुळे. दार न उघडता माणूस पारखायची सोय ज्या भिंगानं केली, त्याला पुण्यात तरी दोन ओळींपेक्षा जास्त मान मिळायला हवा होता.

असं असलं तरी प्लसनं मला जिंकलं ते आईच्या मोतीबिंदूच्या वेळी. आजीच्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंगच उरायचं नाही, मग दहा-अकरा नंबरचा जाड प्लसचा चष्मा. त्यामागे आजीचे डोळे भलतेच मोठे आणि रागावलेले दिसत. ती रागावलेली नसे. आईच्या वेळेपर्यंत डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवणं ही सकाळी जाऊन दुपारी घरी यायची गोष्ट झाली होती. ही कल्पना हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरची. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कॉकपिटच्या प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात घुसले, आणि ते तिथेच राहूनही डोळा चिडला नाही, हे त्यानं पाहिलं होतं. १९४९ मध्ये त्यानं त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग डोळ्यात बसवलं. बरीच वर्षं त्याच्याच पेशातल्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं.

ऑपरेशननंतर आईला एक कार्ड मिळालं, त्यावर भिंगाचा आकडा: प्लस साडेएकवीस. भाचीला तो फार वाटला. पण ते भिंग हवेत नसतं, डोळ्यातल्या पाण्यासारख्या द्रवात बुडालेलं असतं. त्यामुळे प्रकाशाला आत शिरताना वेग फारसा बदलावा लागत नाही. तेच बाहेर काढून हवेत धरलं तर त्याची ताकद तिपटीच्या आसपास जाईल. टिळक टँकमध्ये पाण्याखाली डोळे उघडले की सगळं विरघळतं, ते याच्याच उलट बाजूनं. पारपटलाचा सगळा जोर बाहेर हवा असण्यावर, पाणी लागलं की तो जातो. आकार बहिर्वक्र असला म्हणजे झालं असं नाही, शेजारी कोण आहे तेही बघावं लागतं. पाण्यातला हवेचा बुडबुडा दिसायला चांगला गोलमटोल, पण प्रकाश फाकवतो.

पट्टी काढल्यावर आई दुसऱ्या दिवशी कपाटासमोर बराच वेळ उभी होती. "ही मोरपंखी होती होय? मी हिला हिरवी समजून दोन लग्नांत नेसले." जुनं भिंग वर्षानुवर्षं पिवळं पडत गेलेलं असतं आणि निळा रंग खात असतो. गेलं की निळे परत येतात. आता तिला सिंहगड चष्म्याशिवाय दिसतो, माझ्यापेक्षा चांगला. पण प्लॅस्टिकचं भिंग फुगत-आक्रसत नाही, त्यामुळे पेपर वाचायला प्लसचा चष्मा लागतो आणि तो कायम दुसऱ्या खोलीत असतो.

माझं गणित उलट. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होऊ लागलं, चष्म्यातून जवळचं दिसेना. पण चष्मा काढला की पाव मीटरवरचं सगळं विनासायास. सुईत दोरा ओवायचा असला की घरातले प्लसवाले माझ्याकडे येतात. बाहेरच्यासाठी मात्र प्रोग्रेसिव्ह घेतला: वर मायनस चार, खाली उतरत मायनस दोन. खालच्या भागातून मला अर्धा मीटरपर्यंतचंच स्वच्छ दिसतं, आणि पायऱ्या त्याहून लांब असतात. मुलानं, म्हणजे त्या काकांच्या मुलानं, चष्मा हातात देताना बजावलं, "काका, जिना उतरताना डोळे खाली घालू नका. मान खाली घाला." म्हणजे पायरी काचेच्या वरच्या भागातून दिसते. सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या मान पार छातीला लावून उतरणारे माझ्या वयाचे बरेच लोक दिसतात. देवळातून येताहेत म्हणून ते तसे चालतात असं मला पूर्वी वाटायचं.